मावसभाऊ रुई परेरा

"गावातल्या मुली पाहुण्यांना काय करणार आहेत?" इराने पुन्हा विचारलं. आपण चुकीचं ऐकलं असावं अशी तिला फार आशा होती.

"राख्या बांधणार आहेत," तिचे बाबा यज्ञेश्वर राऊत म्हणाले. "भगिनी शहर म्हटल्यावर राखी आलीच. आणि योग बघ, पाहुणे येतायत ते नेमके नारळी पौर्णिमेला! तिकडच्या नगराध्यक्षांना सगुणाबाई बांधतील. त्यांच्या खालोखाल मान त्या दुभाष्याचा, रुईचा. त्याला तू."

"मी? रुईला?"

"मग कोण? एवढा पत्रव्यवहार तुम्हीच दोघांनी केलात. उभ्या पोफळदांड्यात त्याला भाऊ मानण्याचा अधिकार तुझ्याइतका कोणाला आहे?"

इराने चहा तसाच ठेवला आणि ती मागच्या पडवीत जाऊन उभी राहिली.

पोफळदांडे हे रेवदंड्याच्या पलीकडलं गाव. पुढे समुद्र, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मध्ये कुठल्याशा पोर्तुगीज बुरुजाचे चार दगड. या चार दगडांच्या जिवावर पोर्तुगालमधल्या पोर्तो दास रेदेस नावाच्या मासेमारीच्या गावाने मैत्रीचा प्रस्ताव पाठवला. तो इंग्रजीत होता आणि त्यात 'सिस्टर सिटी' असे शब्द होते. यज्ञेश्वर निवृत्त मुख्याध्यापक आणि गावच्या सांस्कृतिक समितीचे अध्यक्ष. त्यांनी त्याचं 'भगिनी शहर' असं भाषांतर केलं आणि समितीने टाळ्या वाजवल्या. शब्द एकदा गावात सोडला की तो कोणाच्या घरात शिरेल याचा नेम नसतो, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही.

पत्रव्यवहार इराकडे आला. ती घरूनच एका कंपनीचं काम करायची, त्यामुळे तिला कॉम्प्युटरवर बसायला कोणी कारण विचारत नसे. पलीकडून रुई परेरा लिहायचा. आठवड्याभरात संपायचा कराराचा मसुदा दीड वर्ष चालला. रुई त्या मसुद्यावरूनच मराठी शिकला. पोरीची चिकाटी बघून यज्ञेश्वरांची छाती भरून यायची.

इराने त्यांना सांगायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही.

"बाबा, मला रुई आवडतो," ती एकदा म्हणाली होती.

"मलाही आवडतो. काय नम्र मुलगा आहे!"

"तसं नाही बाबा. मला त्याच्याशी आयुष्यभराचं नातं जोडायचंय."

"अगदी माझ्या मनातलं बोललीस! कलम घालून टाक. सदर संबंध तहहयात राहतील." आणि त्यांनी ते कलम तिथल्या तिथे घातलंही होतं. आता रुई त्यांच्याकडे तिला रीतसर मागणी घालायलाच येत होता, आणि त्याच्या स्वागताला राखी निघाली होती.

तिकडे सगुणाबाईंनी भगिनी हा शब्द अगदी मनावर घेतला होता. सगुणाबाई म्हणजे मच्छी विकणाऱ्या बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांच्यापुढे समितीतले पुरुष मान खाली घालून बसत.

"भयीन हाय ना ती आपली? पयल्यांदा आपले घरा येते," त्या सभेत म्हणाल्या. "ओटी भरल्याबिगर पाठवाची न्हाय."

"अहो, शहराची ओटी कशी भरणार?" यज्ञेश्वर गोंधळले.

"शहराची न्हाय. शहराकडून जो मानूस येल त्याची."

"त्यांचे नगराध्यक्ष येणार आहेत. मिशा आहेत त्यांना!"

"मंग काय झाला? मिशेत थोरीच भरतो? ओटीत भरतो."

समितीने ओटी मंजूर केली. मग थोरली बहीण कोण, यावर तासभर गेला. धाकटी थोरलीच्या घरी येते, ते आपल्याकडे येतायत, तेव्हा थोरले आपणच, असा निकाल यज्ञेश्वरांनी दिला. थोरलेपण मिळाल्यावर त्यांची चाल बदलली. ते मुंडासं नसतानाही ते सावरल्यासारखा हात डोक्याकडे नेऊ लागले.

त्या संध्याकाळी घरी अनुसूया आत्यांनी त्यावर कळस चढवला. आत्या म्हणजे यज्ञेश्वरांची थोरली बहीण. पंचक्रोशीतलं कोण कोणाचं काय लागतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांना विचारल्याशिवाय गावात सोयरीक होत नसे.

"दोन गावं बहिणी, म्हणजे गावची पोरं मावसभावंडं," आत्या पोहे निवडता निवडता म्हणाल्या. "मावसभावंडं म्हणजे सख्खीच. त्यात लग्न होत नाही."

"लग्नाचं कोणी काढलंय, ताई?" यज्ञेश्वर हसले. इरा हसली नाही. पडवीत जाऊन तिने रुईला फोन लावला.

"तुमच्या भाषेत खरंच सिस्टर म्हणतात का रे?"

"नाही. आम्ही जुळी गावं म्हणतो," तिकडून रुई म्हणाला. इरा उड्या मारतच आत आली.

"बाबा, मूळ शब्द बहीण नाहीच! तिकडे जुळी म्हणतात."

"जुळ्या बहिणी?" आत्यांनी हातातले पोहे खाली ठेवले. "अगं बाई, एका नाळेच्या! मग तर बोलायलाच नको."

यज्ञेश्वरांनी तातडीने पेंटरला फोन करून फलकावर 'जुळ्या' घालायला लावलं. पेंटरने जागा करण्यासाठी पाहुण्यांच्या नावात काटछाट केली. कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या हॉलवर फलक झळकला तो असा: 'पोफळदांडे व पोर्तो दास रेडे, जुळ्या भगिनी'.

त्याच्या आदल्या दिवशी इराने शेवटचा प्रयत्न केला. "आत्या, समजा एका गावाला बहिणीऐवजी भाऊ धरलं तर?"

"मग पोरं आते-मामेभावंडं. ते चालतं."

"चालतं म्हणजे?"

"लग्नाला चालतं." आत्यांनी चष्म्यावरून बघितलं. "पण तुला काय करायचंय गं?"

"काही नाही. सामान्य ज्ञान."

त्या दिवशी आत्यांनी वेचलेले खडे परत पोह्यांतच टाकले.

नारळी पौर्णिमेला पाहुणे आले. पाऊस पडत होता आणि कोळीवाड्यातून नारळाची मिरवणूक वाजतगाजत हॉलपर्यंत आली होती. दारात कुंकू लावायला बचत गटातल्या सोनाबाई उभ्या होत्या.

"नाव काय तुझा?"

"रुई," रुईने नम्रपणे हात जोडले.

"मारुतीला वाहतात ती?" सोनाबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्याला नमस्कार करून टाकला.

आत भाषण सुरू झालं. "पाव, बटाटा, चावी, पगार," यज्ञेश्वर पोर्तुगीजांकडून आलेले शब्द मोजत कडाडले, "हे सगळं आपल्याला यांनी दिलं!"

"पगार दिला?" सगुणाबाई मागच्या बायकांकडे वळल्या. "कोनाला दिला गो? तुला भेटला?"

मग ओटी झाली. नगराध्यक्ष धिप्पाड गृहस्थ होते. त्यांना उपरणं पसरायला लावून सगुणाबाईंनी त्यात तांदूळ, नारळ, सुपारी आणि हिरवा खण घातला. त्यांनी खण मोठ्या आदराने खांद्यावर टाकला, बायका खुदखुदल्या, आणि हे बहुधा भारताचं सरकारी पदक असावं असं समजून नगराध्यक्षांनी ताठ उभं राहून फोटो काढून घेतला.

तोवर इराने रुईला खांबाआड गाठलं होतं. तिच्या हातात राखी होती.

"सुंदर आहे! बांध ना," रुईने हात पुढे केला.

"गाढवा, ही बांधली की तू माझा भाऊ होशील. कायमचा."

रुईने चटकन दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. त्याच वेळी माईकवरून दोघांची नावं पुकारली गेली.

"हात पुढे करा, रुईभाऊ," यज्ञेश्वर प्रेमाने म्हणाले.

"हात... उपलब्ध नाही," रुई म्हणाला.

"लाजतोय," सगुणाबाई म्हणाल्या.

"हाताला लागलंय का?" यज्ञेश्वरांनी विचारलं.

"सदर हात देता येणार नाही."

नगराध्यक्षांना भाषा कळत नव्हती, पण आपला माणूस यजमानांचा अपमान करतोय एवढं कळलं. त्यांनी उठून रुईचं मनगट धरलं, खिशातून ओढून काढलं आणि इरापुढे धरलं. समोर अख्खं गाव, हातात राखी आणि बाजूला बाबांचा फुललेला चेहरा. इराला रडूच आलं.

"मी नाही बांधणार!" ती म्हणाली. माईक चालू होता, त्यामुळे ते बंदरापर्यंत ऐकू गेलं.

"इरा, आंतरराष्ट्रीय संबंध बिघडतील!" यज्ञेश्वर घाबरून पुटपुटले.

"बिघडू देत! मला त्याच्याशी लग्न करायचंय, बाबा."

यज्ञेश्वरांनी एकदा मुलीकडे, एकदा रुईकडे आणि मग कोणी मदतीला येतंय का म्हणून छताकडे बघितलं.

"पण... तो तुझा मावसभाऊ आहे!" ते म्हणाले. एवढे दिवस तेच तेच बोलून त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं.

अनुसूया आत्या काठी टेकत मंचावर आल्या. "करारावर सह्या झाल्या का रे?"

"अजून नाहीत. पण बहीण म्हणून ठरलंय, फलकही—"

"मग अजून काही बिघडलेलं नाही. बहीण खोड आणि विहीण लिही. तू काय रे, रुई? तुझं काय म्हणणं?"

"सदर इरा मला मान्य आहे," रुई म्हणाला. "तहहयात."

गावाने टाळ्यांचा कडकडाट केला. आपली ओटी वाया गेली नाही, हे पाहून सगुणाबाई सगळ्यांत जोरात वाजवत होत्या. यज्ञेश्वर इराजवळ गेले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मला आधी सांगायचंस गं."

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही त्याचं कलम केलंत."

यज्ञेश्वरांनी तिच्या हातातली राखी हळूच काढून घेतली आणि आपल्याच खिशात ठेवली. तेवढ्यात आत्यांनी त्यांना कोपराने ढोसलं.

"उभा काय राहिलास? थोरलेपण गेलं आता. आपण मुलीकडचे. व्याह्यांना बसायला दे."

तेव्हा कुठे यज्ञेश्वरांना घडलं ते सगळं एकदम कळलं. त्यांनी अध्यक्षांची खुर्ची पुसली, तिच्यावर नगराध्यक्षांना बसवलं आणि स्वतः हात जोडून बाजूला उभे राहिले. रुई नगराध्यक्षांच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत होता. ते ऐकता ऐकता त्यांचे डोळे मोठे झाले, मग ओले झाले. ते खण सावरत उठले आणि छातीवर हात ठेवून बोलले. रुई कानापर्यंत लाल झाला.

"काय म्हणतात?" यज्ञेश्वरांनी विचारलं.

"ते म्हणतात, असं स्वागत आम्ही जन्मात पाहिलं नाही. आमच्या शेजारच्या दोन गावांनाही तुमच्याशी हेच नातं जोडायचं आहे."

यज्ञेश्वरांनी इराकडे पाहिलं. ती रुईशेजारी उभी राहून डोळे पुसत हसत होती.

"त्यांना म्हणावं," ते म्हणाले, "मला एकच मुलगी आहे."