दहाशे दोनचं मागचं डावं चाक

चांगसिकने गाडीला नवी चाकं बसवायची ठरवली, तेव्हा बायकोने एकच प्रश्न विचारला, "का हो, जुनी गोल नव्हती?"

जुनीही गोलच होती. पण नवी अठरा इंची होती, काळी, चकचकीत. आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाच्या छातीत एखादी गोष्ट बघून धडधड होणं किती दुर्मीळ असतं, हे त्या बायकोला, मिरानला, कोण सांगणार! आमच्या कोरियातल्या वोंजू शहरातल्या त्या वसाहतीत निम्म्या लोकांकडे तीच गाडी आणि तोच पांढरा रंग. निदान चाकं तरी आपली वेगळी असावीत, असं बिचाऱ्याला वाटलं तर त्यात काय चुकलं?

चाकवाल्या पेंगने काम हातात घेताना विचारलं, "साहेब, जुन्या चाकांतले सेन्सर काढून ह्या नव्यांत घालू ना?"

"कसले सेन्सर?"

"चाकाच्या आत असतात, व्हॉल्व्हपाशी. एवढाएवढासा असतो, अंगठ्याएवढा. हवा किती आहे ते गाडीला सांगत राहतो. नाही घातले तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा कायमचा लागून राहील."

"लागू दे की! माझे वडील तीस वर्षं बस चालवायचे. चाकाला लाथ मारून हवा सांगायचे, एका आकड्याचा फरक नाही."

"तुम्हाला येतं सांगता?"

"मला लाथ मारता येते," चांगसिक म्हणाला.

खरी गोष्ट अशी, की जुनी चाकं त्याने आधीच विकली होती, तीही 'सेन्सरसकट' असं लिहून. आमच्याकडे जुनं सामान मोबाईलवरच्या एका अ‍ॅपवर जातं. तिथे खरं नाव कुणी सांगत नाही. टोपणनाव असतं, आणि तुम्ही जितके अदबीने वागाल तितकं तुमच्या नावापुढचं तापमान चढतं. चांगसिकचं नाव 'नववा ढग'. चाकं घेणारा त्याच वसाहतीतला, नाव 'शांत पहाट'. काय ती त्याची भाषा! 'आपल्याला तसदी देतो', 'आपल्या सवडीने'... चांगसिक विरघळलाच. चाकं वॉचमनच्या खोलीत ठेवायची आणि त्याने तिथून उचलायची असं ठरलं, म्हणजे समोरासमोर लाजायला नको. दोघांनी एकमेकांचं तापमान भरभरून वाढवलं.

"ह्या वसाहतीत एक तरी सभ्य माणूस आहे," चांगसिक बायकोला म्हणाला.

आठवड्याने शांत पहाटचा निरोप आला. 'चाकं उत्तम आहेत. घरच्या घरी बसवली. फक्त एक पिवळा दिवा लागून राहिलाय. काळजीचं काही नाही ना?' चांगसिकने मोठ्या दिलदारीने उत्तर दिलं, 'माझाही लागलाय! काही होत नाही. बिनधास्त दुर्लक्ष करा.' वर हसरा चेहरा टाकला. हे वाक्य लक्षात ठेवा. चांगसिकच्याही पुढे चांगलंच लक्षात राहिलं.

आता असभ्य माणसाबद्दल. आमच्याकडे शेजाऱ्याला नावाने कुणी ओळखत नाही, घराच्या नंबराने ओळखतात. चांगसिक म्हणजे नऊशे दोन, आणि त्याच्या डोक्यावर राहणारा क्वाक म्हणजे दहाशे दोन. क्वाकला पाच वर्षांच्या जुळ्या मुली. त्या चालत नसत. त्या एक तर धावत, नाही तर उड्या मारत. पहाटे साडेपाचपासून चांगसिकच्या छतावर धाड्‌ धाड्‌ धाड्‌ सुरू. तो इंटरकॉमवरून युक काकांना, म्हणजे वॉचमनना, सांगायचा. युक काका वर कळवायचे. वरून उत्तर यायचं, "मुलींना काय भिंतीला टांगून ठेवू?" तीन वर्षं दोघांत छत्तीसचा आकडा. लिफ्टमध्ये भेटले तर दोघेही मजल्यांच्या दिव्यांकडे बघत उभे राहत. एकदा तर चांगसिक रागाच्या भरात युक काकांसमोर बोलून गेला होता, "एक दिवस ह्यांच्या गाडीची हवाच सोडतो की नाही बघा!"

आणि मग गाडीत चमत्कार सुरू झाले.

नव्या चाकांत सेन्सर नव्हते, तेव्हा डॅशबोर्डवर हवेच्या चार आकड्यांच्या जागी चार आडव्या रेघा दिसायच्या. पण संध्याकाळी तळघरात गाडी लावली, की अधूनमधून रेघा पुसल्या जाऊन आकडे उमटत. छत्तीस, छत्तीस, छत्तीस, छत्तीस! एकदा कोपऱ्यावरच्या सिग्नलला उमटले आणि दिवा हिरवा होताच गेले. चांगसिक हात स्टिअरिंगवर ठेवून आ वासून बघत राहिला. ज्या चाकांत बोलणाराच कुणी नाही, ती बोलतात कशी?

"मी सांगते," त्याची आई म्हणाली. म्हातारी ऐंशीची, पण गाडीच्या बाबतीत तिची मतं ठाम. "गाडी आणलीस तेव्हा मी चारी चाकांवर तांदळाची दारू शिंपडली होती. ह्या नव्यांवर शिंपडली का? नाही. ती जुनी चाकं घर विसरलेली नाहीत. येऊन सांगून जातात, आम्ही बरी आहोत म्हणून."

"आई, लोखंड आहे ते."

"असेना. तुझ्यापेक्षा बोलकं आहे."

चुसोकच्या, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाच्या, आदल्या दिवशी दुपारी आई दारूची बाटली घेऊन तळघरात निघालीच. नव्या चाकांचा उरलेला संस्कार करून टाकायचा होता. चांगसिक मागोमाग. त्याने गाडी सुरू केली, आणि टुंग्‌ असा आवाज झाला. तीन आकडे छत्तीस. मागच्या डाव्या चाकाचा अठ्ठावीस, तोही लाल.

चांगसिकने लाथ मारून पाहिली. चाक दगडासारखं. तरी बॅटरीवरचा छोटा पंप काढून त्याने हवा भरली. आकडा सत्तावीस. आणखी भरली. सव्वीस! भरावी तितकी कमी होत होती. चाक आता फुटेल की काय असं टम्म झालं, तेव्हा घाबरून त्याने पेंगला फोन लावला.

"अहो साहेब, थांबवा तो पंप!" पेंग ओरडला. "तो आकडा तुमच्या चाकाचा नाहीच. जुनी चाकं कुठे आहेत?"

"इथेच, वसाहतीत कुणाकडे तरी."

"मग जवळच उभी आहेत. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा नंबर असतो. तुमची गाडी अजून त्या जुन्या चार नंबरांकडेच कान लावून बसलीय. गाडी थांबली की ते थोडा वेळ बोलून झोपतात. पण हवा भराभर जायला लागली, तर उभ्या गाडीतसुद्धा ओरडतात. खिळा गेलाय तिकडे."

चांगसिकच्या अंगावर काटा आला. अंगठ्याएवढा जीव, दुसऱ्याच्या चाकात कोंडलेला, आणि अजून आपल्यालाच हाक मारतोय!

"पण मग त्यांच्या गाडीत कळेलच ना?"

"तिला हे नंबर शिकवले असतील तर. घरी बसवली असतील, तर तिला काय कळणार? तिचा दिवा नुसता लागलेला राहणार. आणि आज सगळे गावाला निघणार, हमरस्त्यावर, माणसं-सामान भरून. लवकर गाठा त्यांना."

'काही होत नाही. बिनधास्त दुर्लक्ष करा.' चांगसिकला दरदरून घाम फुटला.

त्याने शांत पहाटला घाईघाईने लिहिलं, 'तुमच्या मागच्या डाव्या चाकातली हवा आत्ता ह्या क्षणी कमी होतेय. निघू नका!'

उत्तर आलं, 'मी घरात आहे. तुम्हाला कसं दिसतंय? तुम्ही कुठे आहात?'

'मला गाडीत बसून सगळं कळतं,' चांगसिकने लिहिलं.

पुढच्याच मिनिटाला शांत पहाटने त्याला ब्लॉक केलं.

"आई, तू गाडीत बस आणि तो लाल आकडा बघत राहा," म्हणत तो रांगेतून धावत सुटला. पांढरी गाडी, पांढरी गाडी, पांढरी गाडी... पाचव्या गाडीपाशी त्याला आपलं चाक भेटलं. मिरानने फुटपाथला घासून केलेला ओरखडा, चंद्रकोरीसारखा, जसाच्या तसा. मागचं डावं चाक खाली बसायला लागलं होतं. आत मागच्या सीटवर मुलांच्या दोन खुर्च्या, शेजारी नाशपातींची पेटी. आणि काचेवर पार्किंगचा स्टिकर, १००२.

चांगसिकने स्टिकर दोनदा वाचला. सांगायला जावं, तर क्वाक म्हणणार, तुम्हाला कसं कळलं? आणि युक काका म्हणणार, हे साहेब तर बोललेच होते. न सांगावं तर... त्या दोन खुर्च्या त्याच्याकडे बघत होत्या. तीन वर्षं ज्या पायांना त्याने शिव्या घातल्या, ते पाय त्या खुर्च्यांतून लोंबकळणार होते.

शेवटी त्याने मधला मार्ग काढला. गुपचूप हवा भरायची, काचेवर निनावी चिठ्ठी लावायची आणि पळायचं. त्याने गुडघे टेकले, पंप लावला आणि चाकाला थोपटत म्हणाला, "थांब रे राजा, आलो मी."

तेवढ्यात लिफ्ट उघडली. क्वाक, त्याची बायको, जुळ्या आणि चार पिशव्या.

"अहो नऊशे दोन!!"

दचकून चांगसिकचा हात सुटला, नळी व्हॉल्व्हवर तिरकी झाली आणि सबंध तळघरभर आवाज घुमला, फुस्स्‌स्‌!

"बघितलंस?" क्वाक बायकोला म्हणाला. "हवा सोडतोय! सणासुदीच्या तोंडावर! युक काका, युक काका!"

"भरत होतो! देवाशप्पथ भरत होतो!"

"भरताना फुस्स करतात?"

युक काका धापा टाकत आले. त्यांनी चाक पाहिलं, पंप पाहिला आणि हळूच म्हणाले, "साहेब, मला वाटलं तुम्ही नुसते बोलता."

"अहो काका, माझ्या गाडीला कळलं! ह्यांच्या चाकात खिळा आहे ते माझ्या गाडीला कळलं!"

"वा!" क्वाक म्हणाला. "आणि माझ्या गाडीने तुमच्याकडे निरोप पाठवला?"

खरं होतं ते असं होतं, की चांगसिकला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. तोच पाच गाड्यांपलीकडून म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "अरे चांगसिक, भरतोयस की सोडतोयस? एकवीसचे एकोणीस झाले!"

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"ह्या आजी काय वाचतायत?" क्वाकच्या बायकोने विचारलं.

"तुमची हवा," चांगसिक म्हणाला. "पंप घ्या. तुम्हीच भरा."

क्वाकने त्याच्याकडे रोखून बघत पंप घेतला. घर्रर्र आवाज सुरू झाला. थोड्या वेळाने लांबून हाक आली, "वीस!" मग "बावीस!" मग "चोवीस!" प्रत्येक आकड्याला क्वाकचे खांदे जरा खाली येत होते. मध्येच त्याने मुद्दाम व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली. "अगंबाई, पुन्हा तेवीस! काय खेळ लावलाय रे?" त्याने पंप थांबवला, नुसता तोंडाने घर्रर्र केलं. म्हातारी काही बोलली नाही. मग मात्र त्याने सगळं खाली ठेवलं आणि चालत चांगसिकच्या गाडीपाशी गेला. मागोमाग सगळे. काचेतून आत पाहिलं, तर म्हातारी मांडीत बाटली धरून बसलेली आणि समोर त्याच्या चाकाचा आकडा जळत होता. युक काकांनी डोक्यावरची टोपी काढली. आणि जुळ्या, त्या दोघी चक्क हलल्या नाहीत. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या एका जागी उभ्या होत्या, तोंडं उघडी टाकून.

"आजी, तुमच्या गाडीला आमची गाडी ऐकू येते?" एकीने कुजबुजत विचारलं.

"रोज," म्हातारी म्हणाली. "खुशाली सांगते."

क्वाक सावकाश वळला. "म्हणजे... नववा ढग तुम्ही?"

"आणि शांत पहाट तुम्ही? ह्या पोरी साडेपाचला उठतात, आणि शांत पहाट?"

"इच्छा म्हणून ठेवलंय हो ते नाव," क्वाक कसनुसा हसला. "मी तुम्हाला ब्लॉक केलं."

"आणि मी तुम्हाला म्हणालो, दुर्लक्ष करा."

दोघांनीही एकदमच मान लववली, इतकी, की कपाळावर कपाळ आपटलं. विमा कंपनीचा पंक्चर काढणारा माणूस वीस मिनिटांत आला, बोटभर खिळा काढून भोक बुजवून गेला. "दिव्याचं चाकवाल्याकडून करून घ्या, नंबर शिकवावे लागतील," म्हणाला. चाकवाला चार दिवसांच्या सुट्टीवर. म्हातारीने आणलेली बाटली पुन्हा एकदा जुन्याच चाकांवर रिकामी केली, आणि दहाशे दोन गावाला गेले.

सणाचे तीन दिवस वरचं छत एकदम शांत होतं. ह्या शांततेसाठी चांगसिकने तीन वर्षं नवस केले होते. पण त्याला झोप लागेना. तो तासातासाला कचऱ्याचं निमित्त करून खाली जाई, गाडीत बसे आणि चार आडव्या रेघांकडे बघत राही. भोक नीट बुजवलं असेल ना? रस्त्यावर गर्दी किती!

"कचरा टाकायला एवढ्या वेळा?" मिरानने विचारलं. "आपल्या घरात एवढा कचरा आहे तरी का?"

तिसऱ्या दिवशी दुपारी तो असाच बसला होता. समोर रेघा. मग एक रेघ पुसली गेली. मग दुसरी. छत्तीस, छत्तीस, छत्तीस. चौथी रेघ काही केल्या हलेना. चांगसिकने श्वास धरला. आणि मागचं डावं उमटलं, छत्तीस.

तो घरी आला आणि जमिनीवर आडवा झाला. दहा मिनिटांत वर दार वाजलं आणि छतावर सुरू झालं, धाड्‌ धाड्‌ धाड्‌ धाड्‌. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. मिरानने सवयीने इंटरकॉम उचलला.

"सांगू का युक काकांना?"

"नको," चांगसिक डोळे मिटून म्हणाला. "चारही पाय नीट पोचलेत." आणि तो घोरायला लागला.