घर नापास करणाऱ्या प्रमिलाबाई

नोकरी मागायला येणाऱ्याची मुलाखत घेतात, हे मला ठाऊक होतं. नोकरी देणाऱ्याची मुलाखत घेणारी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या प्रमिलाबाई.

आमची आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. तिचं करायला दिवसरात्र घरात राहणारी बाई हवी होती. हल्ली वर्ध्यात बँकेचा वॉचमन एजन्सीचा, दवाखान्यातली सिस्टर एजन्सीची, आमच्या ऑफिसात तर साहेब सोडून बहुतेक सगळे एजन्सीचेच. म्हणून आम्हीही एजन्सीला फोन लावला. तर बाईच्या आधी एजन्सीच्या मालकीण प्रमिलाबाईच हजर! साडीखाली स्पोर्ट्सचे बूट, काखेत फाईल.

"वंदना झोपन कुठी?" हा पहिला प्रश्न. वंदना म्हणजे आमच्याकडे येणार असलेली बाई. दाखवलेल्या गादीवर त्या स्वतः आडव्या झाल्या, दोन्ही कुशींवर वळून पाहिलं.

"अन् चहा कायच्यात पिईन?"

बायकोनं ओट्याखालून एक कान तुटलेला कप काढला. प्रमिलाबाईंनी तो निरखला आणि फाईल मिटली.

"तुमचं घर फेल हाये. आठ दिवसांनी फेरपरीक्षा."

माझी बायको एम. ए. फर्स्ट क्लास. जन्मात पहिल्यांदा नापास झाली. ते आठ दिवस आईला उचलता उचलता आमच्या नाकी नऊ आले. फेरपरीक्षेला मात्र लग्नातला कपबशीचा सेट निघाला आणि आम्ही पास झालो. जाताना प्रमिलाबाईंनी बजावलं, "ध्यानात ठेवजा, बाई टेम्परवारी हाये, पोट परमनंट हाये."

दुसरा नियम याहून कडक. तीन महिने झाले की बाईची बदली. "चवथ्या महिन्यात जीव लागते. म्हणून मी तिसऱ्यातच उचलतो."

वंदनानं तीन महिन्यांत आईला वॉकर धरून अंगणापर्यंत नेलं. आई जेवायची तिच्या हातून, भांडायची तिच्याशी, आणि माझ्याकडे रिकाम्या सिलिंडरकडे पाहावं तसं पाहायची. अशात प्रमिलाबाई नवी बाई घेऊन दारात उभ्या! आईनं वंदनाचा पदरच धरला.

"इले न्याल तर मी जेवणार नाई."

"होते सवय, आजी."

"तुमाले होत असन. मले नाई होत. काऊन नेता तिले?"

प्रमिलाबाई नियम सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. खाली बघून म्हणाल्या, "मी कारंज्याले एका घरी अठरा वर्सं होती. तिथल्या आजीचं सगळं मीच करो. आजी गेली, मी उशाशी बसून होती. तर घरचे म्हणाले, बाई, आता पाव्हणे येतीन, तुम्ही निघा. मी बसस्टँडवर येऊन बसली. कोणासाठी रडून राह्यली, कोणाले सांगू? माह्या बायांवर तशी पाळी नाई येऊ देत मी."

 आई माझ्याकडे वळली. "त्यायच्या फाईलीत लिहून दे. मी गेली तरी वंदनाले कोणी उठवाचं नाई."

मी लिहिलं. खाली आईनं सही केली. प्रमिलाबाई नव्या बाईला घेऊन आल्या पावली परत गेल्या.

पुढे दीड वर्षानं आई गेली. सकाळी मी प्रमिलाबाईंना फोन करून सांगितलं.

"वंदना?" त्यांनी विचारलं.

"आईच्या उशाशी बसलीये. माझ्या बहिणीजवळ."

 मग पलीकडून इतक्या हळू आवाज आला, की दुसरंच कोणी बोलतंय असं मला वाटलं, "मी येऊ का?"

ऑटो करून आल्या. वंदनाशेजारी बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. ते सगळं रडणं माझ्या आईसाठी नव्हतं, हे मला कळत होतं, आणि मलाही तेव्हाच रडू फुटलं. आईला शेवटची अंघोळ घालायची वेळ झाली, तेव्हा माझ्या बहिणीनं पाण्याचा तांब्या आधी प्रमिलाबाईंच्या हातात दिला.