पंखातला सूर

प्रवचन गावं तर एफ्राईमबाबांनीच, आणि बाबांना गावात आणावं तर मीच! ईस्टरआधी आठवडाभर मी अख्ख्या गावाला हेच ऐकवत होतो. अलास्कातलं आमचं नदीकाठचं गाव, रस्ता कुठला? वैमानिक फेडोराताईच्या चिमुकल्या विमानातून बाबांना त्यांच्या गावाहून आणायला निघालो.

परतताना ताईने वजनं केली. "आपली धावपट्टी अंगणाएवढी. एक तर तू ये, नाहीतर बाबांचं अकॉर्डियन!"

"साथीला सूर नसेल तर मी तोंड उघडत नाही हं," बाबा म्हणाले.

"सुराचं माझ्याकडे लागलं!" म्हणत मी स्वतःला आत कोंबलं.

गाव आलं. समोरून वारा मी म्हणत होता. ताईने वेग कमी केला, विमानाचं नाक वर केलं, आणखी वर! समोर धावपट्टीच्या जागी नुसतं आभाळ! तेवढ्यात पंखातून आवाज... पूंऽऽऽ!

"हे काय?" बाबा पांढरेफटक.

"इशारा आहे, बाबा. याहून हळू झालो तर खाली..." ताई सांगू लागली.

"सूर आहे, सूर!" मी ओरडलो. "तुमच्यासाठी मुद्दाम बसवून घेतलाय!"

बाबांनी डोळे मिटले आणि गायला लागले. काय तो गळा! इतक्यात डावा पंख कलला. मी ताईच्या हातातल्या दांडीवर झडप घातली.

"हात काढ, मेल्या! आत्ता दांडी फिरवलीस तर भोवऱ्यासारखे गरगरत खाली जाऊ. हे काम पायांचं!"

आणि ते पाय! पंख जरा कलला की पेडलवर इवलासा दाब, तबलजीच्या बोटांसारखा. विमान हवेत जवळजवळ उभं, तरी पाळण्यासारखं स्थिर! चिमणी टेकावी तसं टेकलं. मी ताईलाच हात जोडले.

चर्च भरलं. बाबा उभे राहिले, पण तोंड उघडेनात. "तो मघाचा सूर लावा."

माझी बायको ॲना कुजबुजली, "लावा की, सुराचे मुखत्यार!"

"तो... विमानात राहिला."

"मग तिथे जाऊ!" बाबा निघाले, मागे अख्खं गाव. पण उभ्या विमानाला कसला सूर? मला घाम फुटला.

ताईने पंखाच्या कडेच्या भोकावर रुमाल धरला. "उडायच्या आधी शिट्टी वाजते का, ते मी अशीच तपासते. तोंड लाव आणि हवा आत ओढ."

ओढली. पूंऽऽऽ! बाबा गायले. मी श्वास सोडायला थांबलो की डोळे वटारायचे! लोक ढसाढसा रडले. ॲनासुद्धा!

शेवटी बाबांनी मला मिठी मारली. "अशी साथ अकॉर्डियननेही कधी केली नाही!"

प्रवचन कशावर होतं म्हणता? ते ॲनाला विचारा. माझं सगळं लक्ष फुप्फुसात होतं!