अक्काने उचललेल्या सात साड्या

सुपरमार्केट आणि डिपार्टमेंट स्टोअर यांतला फरक आमच्या अख्ख्या खानदानात फक्त मला कळतो, अशी माझी पक्की समजूत होती. त्यामुळे शिंदखेड्याहून माझी थोरली बहीण वच्छलाअक्का लेकीच्या लग्नाच्या खरेदीला जळगावला आली, तेव्हा तिला फिरवायचं काम मी रुबाबात अंगावर घेतलं.

आधी किराण्यासाठी सुपरमार्केट. डाळींपुढे उभी राहून अक्का एका प्रोफेसरसारख्या दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "भाऊ, पाच किलो तूरडाळ मोज." त्या भल्या माणसाने पाकिटं काढून दिलीसुद्धा.

मी तिला बाजूला घेतलं. "अक्का, इथे कोणी देत नाही. समोर मांडलंय ते आपणच उचलायचं आणि बिलाच्या काउंटरवर जायचं."

"कोणी काही बोलत नाही?"

"कोणी नाही."

अक्का अशी खुलली, जणू सातबाऱ्यावर जळगाव शहर तिच्या नावे चढलं!

तिथून साड्यांसाठी तीन मजली डिपार्टमेंट स्टोअरमध्ये गेलो. इथे प्रत्येक विभागात माणूस असतो, तो काढून दाखवतो, हे अक्काला सांगायचं होतं. पण वाटेत मला जाकिटं दिसली. नवरीच्या मामाने उठून दिसायला नको का?

जाकीट घालून आरशापुढे वळत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावर आरडाओरडा झाला. धावत गेलो. प्रेमकुंवरबाई नावाच्या एक ठसठशीत बाई रिकाम्या काउंटरवर हात आपटत होत्या. होणाऱ्या सुनेसाठी अडीच तास घालवून निवडलेल्या सात साड्या तिथे ठेवून त्या ब्लाउजपीस बघायला वळल्या, आणि साड्या गायब. छगन नावाचा सेल्समन परकरासारखा पांढरा पडला होता.

बिलाच्या रांगेत अक्का दुसरी उभी होती. काखेत सात साड्या.

"अहो, या माझ्या साड्या!" प्रेमकुंवरबाई कडाडल्या. "उचलायला कोणी सांगितलं?"

अक्काने अभिमानाने माझ्याकडे बोट केलं. "मना भाऊनी. त्याले बठ्ठं माहीत शे."

सगळी रांग या सगळं माहीत असलेल्या भावाकडे वळली. रखवालदाराने माझ्या जाकिटाला लोंबणारं लेबल पाहिलं आणि दंड धरला. "दोघं सोबत आहात?"

मी नाही म्हणणार होतो. अक्का म्हणाली, "सख्खा भाऊ आहे."

खालच्या केबिनमध्ये मॅनेजर रुपचंदभाऊंना सगळी हकिकत पटवून मी अर्ध्या तासाने सुटलो. वर जाऊन बघतो तर दोघी एकाच बाकावर चहा पीत बसलेल्या.

"पोपटी रंगात सून आजारी दिसेल," अक्का सांगत होती. "डाळिंबी ठेवा."

प्रेमकुंवरबाईंनी चार साड्या बदलल्या. आमच्या नवरीसाठी, ऋतिकासाठी, मोरपंखी शालू त्यांनी निवडला. तो एवढा देखणा निघाला, की छगन टाळ्या वाजवायचाच बाकी राहिला.

आठवड्याने माझ्या मोबाइलवर प्रेमकुंवरबाईंचा फोन आला. धाकट्या मुलाचंही जमलं होतं आणि खरेदीला अक्का हवी होती.

"आणतो की मी तिला," मी उत्साहाने म्हणालो.

त्या घाईने म्हणाल्या, "अक्कांना नुसतं बसमध्ये बसायला सांगा, नवलभाऊ. स्टँडवर आम्ही घ्यायला येऊ. तुम्ही कशाला तसदी घेता?"

मीही म्हटलं, खरंच, कशाला?