मागं सरत नाही

देऊळघाटच्या उत्तमरावांच्या घरी त्या आठवड्यात भाकरीपेक्षा गेरबॉक्सच जास्त चघळला गेला. सकाळी चहाबरोबर गेरबॉक्स, दुपारी पिठल्याबरोबर गेरबॉक्स आणि जरा डोळा लागतो न लागतो तोच बायकोचा, शालूबाईंचा आवाज, "मंग? काय ठरलं?"

ठरत काहीच नव्हतं. उत्तमरावांचा ट्रक जुना, पण मोठा इमानी. कपाशी, सोयाबीन, विटा, लग्नाची भांडी, एकदा तर कुणाची तरी व्यालेली म्हैस, कशालाही त्यानं नाही म्हटलं नव्हतं. आता मात्र त्याचा तिसरा गेर टाकला की आपोआप सुटायचा आणि चौथा पडताना असा काही ओरडायचा की रस्त्याकडेच्या बकऱ्या दाव्याला हिसके द्यायच्या. कचरू मिस्त्री गाडीखाली झोपून बराच वेळ आत पाहत राहिला. तो झोपलाच की काय अशी शंका यायला लागली, तेव्हा बाहेर आला.

"दुरुस्त केला त चालन," तो हात पुसत म्हणाला.

"किती दिवस?"

"थे गेरबॉक्सले इचारा."

"आन बदलला त?"

"बदलला त गेरबॉक्स मख्खन चालन. मंग बाकीची गाडी रुसन. घरात नवी सून आली का जुन्या बाया कशा कुरकुर करतात, तसं."

आता सांगा, या सल्ल्यावर माणसानं करायचं काय? उत्तमरावांनी तेच केलं जे ते जन्मभर करत आले होते. म्हणजे काहीच केलं नाही.

उत्तमराव हा मुळात मागे सरणारा माणूस. बांधावरून भांडण निघालं, उत्तमराव मागे. पंगतीत जिलबी कमी पडली, उत्तमरावांचं पान मागे. आणि समोर जर बायकोचा धाकटा भाऊ कडूबा असेल, तर मग विचारूच नका. कडूबा बुलढाण्यात राहायचा. गेल्या दसऱ्याला त्यानं नवा कोरा ट्रक घेतला होता. त्यात पंखा होता, रंगीत दिवे होते आणि गाडी मागे घेताना टीं-टीं-टीं वाजणारा भोंगा होता. तो भोंगा ऐकवायला कडूबा गरज नसतानाही गाडी मागे घ्यायचा.

शुक्रवारी तो आला, चहा प्यायला आणि निकाल देऊन मोकळा झाला.

"दाजी, दुरुस्ती बी नाई आन बदली बी नाई. भंगारात घाला. सोमवारी मी मानूस घेऊन येतो. आन तुमी माह्या गाडीवर ड्रायव्हर म्हनून या. घरचा मानूस घरात राहीन."

उत्तमरावांनी हातातली बशी खाली ठेवली. इतकी वर्षं स्वतःच्या गाडीचा मालक असलेल्या माणसानं साळ्याच्या गाडीवर डायवरकी करायची? साळा मागे बसून शिट्टी मारणार आणि आपण ब्रेक दाबायचा? त्यांना "जमणार नाही" असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "पाहू."

कडूबा गेल्यावर शालूबाईंनी कपबशा अशा आदळल्या की एकीचा कान उडाला.

"पाहू? काय पाहू? माहा भाऊ हाये, मले त्याची माया हाये. पन तुमी त्याच्या समोर एकदा तरी नाई म्हना ना! दुरुस्त करा, बदला, काई तरी एक करा. आपली गाडी भंगारात गेली त मी तुमच्याशी बोलनार नाई."

"बरं," उत्तमराव म्हणाले.

"बरं म्हनू नका!"

"बरं, नाई म्हनत."

शनिवारी संध्याकाळी गावातले हिंमतराव धापा टाकत आले. रविवारी त्यांच्या मुलाची, हर्षलची वरात. डीजे ठरलेला, पण डीजे ज्या ट्रकवर चढवायचा तो ट्रकवालाच ऐनवेळी पळाला होता.

"उत्तमराव, इज्जतीचा सवाल हाये. मारुतीपासून मांडवापर्यंत, एवढंच अंतर. गाडी द्या."

उत्तमराव हो म्हणून बसले. शालूबाईंनी त्यांना माजघरात ओढलं.

"आन गेर?"

"वरातीले कितीक गेर लागतात व? एकच त लागते."

शालूबाईंनी पदर खोचला. "ठीक हाये. उद्याची वरात धड पार पडली त गाडी राहीन, मी सोताच दुरुस्त करून घेईन. आन नाई पडली त सोमवारी कडूबा म्हनन तसं."

रविवारी दुपारी मारुतीच्या देवळापुढे ट्रकवर डीजे चढला. मोठमोठे भोंगे, जनरेटर, दिव्यांच्या कमानी. नवरदेव घोड्यावर बसला. हिंमतरावांनी फेटा सावरत इशारा केला. उत्तमरावांनी देवाचं नाव घेतलं, क्लच दाबला, पहिला गेर टाकला आणि पाहतात तो गेरचा दांडा मुळापासून निघून त्यांच्या हातात आलेला!

काही वेळ ते त्या दांड्याकडे पाहत राहिले. दांडा निर्विकार होता. त्यांनी जागच्या भोकात तो बसवून पाहिला, बसेना. खाली सळई घालून हलवून पाहिलं, गेर हलेना. गाडी पहिल्या गेरमध्ये घट्ट अडकली होती. दुसरा नाही, न्यूट्रल नाही, रिव्हर्स तर नाहीच नाही. त्यात बॅटरी अशक्त, म्हणजे एकदा इंजिन बंद केलं की डीजेसकट गाडी ढकलायला अख्खं देऊळघाट लागलं असतं. उत्तमरावांनी आजूबाजूला पाहिलं, दांडा हळूच सीटखाली सरकवला आणि क्लच सोडला.

आणि काय सांगावं महाराज, गाडी अशी चालली! एकाच लयीत, ना धक्का, ना हिसका. वरातीतला ट्रक म्हणजे एरवी क्लचवर नाचणारा. पुढे जातो, थांबतो, पुन्हा झटका देतो, आणि वर उभे असलेले पोरगे एकमेकांच्या अंगावर पडतात. इथे मात्र डीजेवाल्याचा चहासुद्धा सांडला नाही. नाचणाऱ्या बायांनी फुगड्या घातल्या तरी गाडी त्यांच्या मागोमाग तेवढ्याच सबुरीनं येत होती.

"काय हात हाये राजेहो!" हिंमतराव केबिनच्या खिडकीत तोंड घालून ओरडले. "लोनी हाये लोनी!"

उत्तमरावांनी कपाळाचा घाम पुसला आणि नम्रपणे मान हलवली. निम्मा रस्ता पार झाला होता. त्यांना वाटलं, सुटलो.

तेवढ्यात पुढच्या वळणावरून दुसरा डीजे ऐकू आला.

त्याच दिवशी गावात दुसरंही लग्न होतं. नवरदेव जळगाव जामोदचा, आणि त्याची वरात त्याच गल्लीतून उलट बाजूनं येत होती. गल्ली अशी की दोन्हीकडे नाली, एक ट्रक गेला की भिंतीवरची पाल अंग चोरते. समोरच्या वरातीपुढे रंगीत दिवे लावलेला नवा कोरा ट्रक होता. आणि स्टेरिंगवर कडूबा.

दोन्ही गाड्या समोरासमोर थांबल्या. उत्तमरावांचा डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर. कडूबानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"दाजी! मांगं घ्या!"

उत्तमरावांना खरं म्हणजे घ्यायचंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं होतं की मागे सरायची मनापासून इच्छा आहे आणि सोयच नाही. ते अगदी रडवेल्या आवाजात ओरडले,

"मांगं सरत नाई!"

आता रडवेला आवाज डीजेत कुणाला ऐकू येतो? शब्द तेवढे ऐकू आले. हिंमतरावांच्या अंगात वीज शिरली. ते केबिनच्या पायरीवर चढून गर्जले, "ऐकलं का बे? मांगं सरत नाई म्हन्ले! सरत नाई म्हंजे नाई!"

वरातीनं एकच गलका केला. "मांगं सरत नाई! मांगं सरत नाई!" डीजेवाल्यानं लगेच त्याच तालावर ढोल धरला. शेजारच्या गच्चीवर बाया जमल्या. त्यांत शालूबाई होत्या आणि त्यांनी तोंडावर पदर धरला होता.

"दाजी, डोकं फिरलं का?" कडूबा ओरडला. "लग्न लागाची वेळ होऊन राह्यली!"

"आमची बी होऊन राह्यली!" हिंमतराव.

इकडे उत्तमरावांचा क्लचवरचा पाय थरथरायला लागला. गाड्या थांबल्यापासून तो दाबून धरलेला. पोटरीत गोळा आला, पाय जरासा सैल पडला आणि ट्रकनं गुर्र करून वीतभर पुढे झेप घेतली. त्यांनी घाबरून ब्रेक दाबला. कडूबाच्या नव्या बंपरची चमक त्यांना आता जवळून दिसत होती.

"आंगावर घालता काय!" कडूबाचा आवाज चिरकला.

"नाई रे बाबा, पाय..." उत्तमराव पुढे काही म्हणणार तोच पोटरीतला गोळा परत आला. गाडी पुन्हा गुर्रकन पुढे. आता दोन्ही बंपरांमध्ये एक हार लटकवायला जागा राहिली. उत्तमरावांचे डोळे वेदनेनं मोठे झाले होते, दात घट्ट आवळलेले, चेहरा लालबुंद. कडूबानं दाजींचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. लग्नात नाही, बांधावर नाही, कधीच नाही.

त्यानं मुकाट्यानं गेर टाकला.

टीं-टीं-टीं-टीं-टीं!

अख्ख्या गावानं तो भोंगा ऐकला. कडूबाचा नवा ट्रक, त्याच्यावरचा डीजे, त्याच्यामागची वरात, घोडा, नवरदेव, सगळं टीं-टीं करत थेट चौकापर्यंत मागे गेलं. आणि उत्तमराव त्याच लयीत, ना धक्का, ना हिसका, पुढे येत राहिले. हर्षलवर अक्षता वेळेवर पडल्या. मांडवात हिंमतरावांनी नवरदेवाच्या आधी उत्तमरावांना हार घातला. उत्तमरावांना गाडीतून उतरताच येत नव्हतं, डावा पाय मुळी सरळच होईना. लोक म्हणाले, पाहा, एवढं करून माणूस कसा शांत बसला आहे.

घरी आल्यावर शालूबाईंनी भाकरीवर तुपाची धार धरली ती थांबवलीच नाही.

"लग्न झाल्यापासून पयल्यांदा तुमी माह्या भावापुढं उभे राह्यले," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. उत्तमरावांना दांड्याचं सांगायचं होतं. पण तूप चांगलं होतं.

सोमवारी भंगारवाला आला नाही. त्याऐवजी माणसं आली. देऊळघाटची, बुलढाण्याची, एक तर थेट दुसरबीडहून. सगळ्यांचं म्हणणं एकच, वरातीला तीच गाडी पाहिजे, मागं न सरणारी. उत्तमराव हो हो म्हणत राहिले. आणि शालूबाईंनी दिलेला शब्द पाळला. त्यांनी त्याच दुपारी गाडी कचरूच्या शेडमध्ये लावायला लावली.

गाडी तयार झाल्याचा निरोप आला, तेव्हा उत्तमरावांना जेवण जाईना. आता गेरबॉक्स नीट झाला. आता रिव्हर्स पडणार. आता कुणी समोर आला, तर आपण काय करणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चार दिवसांची वाघाची कातडी उतरणार होती. पडेल चेहऱ्यानं ते शालूबाईंबरोबर शेडवर गेले आणि गाडीत बसले. नवा दांडा चकचकीत होता. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा पडून राहिला, चौथा ओरडला नाही, पाचवाही जागेवर गेला. त्यांनी श्वास रोखून रिव्हर्स टाकून पाहिला.

पडेना. पुन्हा जोर लावला. तरी पडेना.

"कचरू, रिव्हर्स राह्यला बे!"

"राह्यला नाई, ठिवला," कचरू दात काढत म्हणाला. "शालूबाईनं सांगतलं, सगळं दुरुस्त कर, तेवढा मागचा गेर राहू दे."

उत्तमरावांनी मान वळवली. शालूबाईंच्या हातात सीटखालचा जुना दांडा होता.

"तुले... कवापासून मालूम?"

"सोमवारपासून. गाडी झाडून काढाले घेतली त हाताले लागला." त्या दांडा पदरानं पुसत म्हणाल्या. "मनानं नाई उभे राह्यले, गाडीनं राह्यले. मले तेवढं बी पुरते. आता गाडीले सवय झाली हाये, तुमाले बी होईन."

उत्तमरावांना हसू आलं, मग भरून आलं, मग त्यांनी समोर पाहिलं. गाडीचं तोंड शेडच्या भिंतीला टेकलेलं होतं.

"पन शालू, आता ही बाहीर काढाची कशी? मांगं कोन घेईन?"

शेडबाहेर टीं-टीं-टीं वाजलं. दोरखंड बांधलेला कडूबाचा नवा ट्रक उलटा आत येत होता.

"बलावला हाये मी," शालूबाई म्हणाल्या. "मांगं घ्याचं काम माह्या भावाले चांगलं जमते."