मुरुगेसनची लेक

मला चेन्नईत ज्यांनी उभं केलं ते सेतुमाधव राव, हे आधी सांगून टाकतो. रोज सकाळी कामावर आले की त्यांच्या छातीत कळ येते आणि जेवणाच्या सुट्टीत थांबते, हे नंतर. कळ येण्याचाच त्यांना पगार आहे.

आमच्या मेडिकल कॉलेजात शिकाऊ डॉक्टरांच्या सरावासाठी एक रबरी पेशंट आहे. तो श्वास घेतो, त्याची नाडी लागते, त्याला घामसुद्धा येतो. फक्त बोलता येत नाही. ते काम रावांचं. खोलीला एक काच आहे. तिच्यातून आम्हाला पोरं दिसतात, पोरांना आम्ही दिसत नाही. काचेमागे बसून राव माइकवर तमिळमधून कण्हतात आणि मी शेजारी कॉम्प्युटरवर नाडी वरखाली करतो. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. माझ्या एका बटणावर होणारे डॉक्टर धावायला लागतात, याची मला अजून भीती वाटते.

श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातलं माझं कंत्राट संपलं, तेव्हा मी एग्मोर स्टेशनबाहेर कॉफीच्या टपरीशी उभा राहून आईशी फोनवर बोलत होतो. बोलत कसला, रडतच होतो. मागून आवाज आला, "कशास्तव रडतोस? जेवलास की नाही?"

मराठी होती, पण बखरीतून उठून आल्यासारखी. वळून पाहिलं तर कपाळाला गंध आणि हातात टिफिन घेतलेले एक वयस्क गृहस्थ. रावांचं घराणं कित्येक पिढ्या तंजावूरचं. त्यांची मराठी त्या जुन्या काळातच राहून गेली.

इडली खाऊ घालून त्यांनी विचारलं, "संगणकाच्या कळा दाबता येतात?"

"मोबाईल येतो."

"पुरे. आमच्या डॉक्टरांसही तेवढेच येते."

आमच्या विभागाच्या प्रमुख विजया मॅडम. त्यांनी दिलेल्या कागदावर पेशंटबद्दल एकच ओळ होती: वयस्क पुरुष, छातीत दुखते. रावांना ती अपमानास्पद वाटली. "मनुष्यास आधी घर असते, मग दुखणे," असं ते दिवसातून निदान एकदा म्हणतात. त्यांनी रबरी माणसाला मुरुगेसन हे नाव दिलं, बस कंडक्टरची नोकरी देऊन निवृत्त केलं, स्टेशनमागे घर दिलं आणि वर्षानुवर्षं अबोला धरलेला एक मेहुणा दिला.

"कधीपासून दुखतंय?" असं एखाद्या पोराने विचारलं की मुरुगेसन म्हणायचा, "मेहुण्याचा फोन आला तेव्हापासून."

न विचारता कोणी शर्ट वर केला तर तो रुसायचा. रुसलेल्या पेशंटवर पुस्तकात औषध नाही, त्यामुळे पोरं फार घाबरायची.

मुरुगेसनला एक लेकही होती. दर शुक्रवारी ती मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, घेऊन यायची. पण तिचं नाव विचारलं की राव बोट वर करायचे, मी बटण दाबायचो, रक्तदाब कोसळायचा आणि मुरुगेसन बेशुद्ध. वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना बजावून ठेवायची, "काहीही विचारा, मुलीचं नाव विचारू नका. जातो तो."

मला वाटायचं, रावांना नाव सुचत नसेल. एकदा म्हटलं, "लक्ष्मी ठेवून टाका की."

"उगा रहा," राव म्हणाले.

शेवटी विजया मॅडमनी ताकीद दिली. "राव सार, बोलणारा नवा पुतळा बाजारात आलाय. त्याला मेहुणा नाही. परीक्षेत पेशंट विनाकारण बेशुद्ध पडला, तर तुमची खुर्ची मी त्याला देईन."

त्या दिवशी राव सुट्टी झाली तरी उठले नाहीत. "या खुर्चीत चार माणसे येऊन विचारतात तरी," एवढंच म्हणाले. खोलीवर ते एकटेच राहतात.

परीक्षेला मॅडम आमच्या मागेच येऊन उभ्या राहिल्या. शेवटी निला नावाची मुलगी आत आली. शांत, दोन वेण्या. आधी तिने हात चोळून गरम केले, मग स्वतःचं नाव सांगितलं, मग परवानगी मागितली. राव खूष होऊन झकास कण्हले. तेवढ्यात ती म्हणाली, "अप्पा, मुलीला बोलावून घेऊ या. नाव काय तिचं?"

रावांचं बोट वर गेलं.

माझं बोट बटणावर होतं. मागे मॅडमचा श्वास ऐकू येत होता. दाबलं असतं तर मुरुगेसन त्या प्रश्नातून सुटला असता आणि रावांची खुर्ची गेली असती. मी हात मांडीवर घेतला.

रावांनी माझ्याकडे पाहिलं. मग माइककडे. तो जवळ ओढला.

"नाव ठेवायचं राहिलं, अम्मा," मुरुगेसन म्हणाला. "त्याआधीच गेली."

म्हणजे शुक्रवार, मुरुक्कू, सगळं? निलाने असं काही विचारलं नाही. तिने रबरी हात हातात घेतला आणि तशीच बसून राहिली. वेळ संपल्याची घंटा झाली तरी.

मॅडमनी मला हळूच विचारलं, "हे कागदात आहे?"

"नाही, मॅडम."

"मग घाला." आणि डोळे पुसत बाहेर गेल्या. पुतळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी टपरीवर राव म्हणाले, "तंजावुरास दवाखान्यात जन्मली. बारशाआधी गेली. डॉक्टराने आम्हास काही विचारले नाही, काही सांगितलेही नाही. बायकोही फार दिवस राहिली नाही." मग कॉफीवाल्याला म्हणाले, "साखर कमी."

मी कॉफीचा घोट घेतला. आणि म्हणून गेलो, "राव, मला मुलगी झाली की तिचं नाव तुम्ही ठेवायचं."

"लग्न झाले तुझे?"

"ठरायचंय."

"मुलगी पाहिली?"

"नाही."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "बरे. म्हणजे नाव शोधण्यास मज सवड आहे."

त्यांचं देणं मी असंच फेडणार आहे. गावी आईला फोन करून सांगितलंय, स्थळं बघायला लाग. इथे एक माणूस बारशाची वाट बघतोय.