खालून वाचणारे तळपदे

तळपद्यांकडे कोणी अडचण घेऊन गेलं की ते त्याला आधी उभं ठेवायचे. 'बस' म्हणायचे नाहीत, त्याच्या स्क्रीनकडे बघायचे नाहीत, कपाळावर चढवलेला चष्मासुद्धा खाली घ्यायचे नाहीत. "काय म्हणतंय ते वाच," एवढंच. मग तो बिचारा इंजिनिअर लॅपटॉप पोटाशी धरून अख्ख्या मजल्यासमोर लाल अक्षरं वाचायला लागायचा.

"वरून नको. खालून वाच," तळपदे डोळे मिटून म्हणायचे. "वरती नुसते नातेवाईक रडतायत. मेलं कोण, ते खाली लिहिलेलं असतं."

जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम कोसळला की पडद्यावर इंग्रजी ओळींची लांबलचक माळ ओततो. घाबरलेला माणूस पहिली ओळ वाचतो आणि गूगलकडे धावतो. खरं कारण बहुतेक वेळा पार तळाशी असतं, आणि तिथपर्यंत कोणी जात नाही. तळपदे न्यायचे. अर्ध्या लोकांना वाचता वाचताच आपली चूक सापडायची आणि ते कान लाल करून परत फिरायचे. आभार कोणी मानल्याचं मला आठवत नाही. आभार मानावेत असं ते वागायचेही नाहीत.

आमचं ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. त्याच आवारात माझे वडील कापड विणायच्या साच्यावर उभे राहायचे. आता मी, त्यांची मुलगी, लालबागहून चालत येते आणि गळ्यात पट्टा अडकवून लिफ्टने वर जाते. आमची कंपनी संस्थांना वेबवर चालणारी नोंदणीची, पावत्यांची कामं जावात लिहून द्यायची. ती लिहिणारा सगळा मजला आणि मोडली की शोधणारे एकटे तळपदे.

ते मूळचे गिरगावातले, पाठारे प्रभू. "पणजोबा हेडक्लार्क. आजोबांच्या चाळी होत्या. वडिलांच्या वाट्याला एक आली. माझ्याकडे एक खोली आणि आडनाव उरलंय," असं ते सांगायचे आणि वर मला म्हणायचे, "याला मेमरी लीक म्हणतात, परब. हळूहळू गळतं, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एक दिवस सगळं बंद पडतं." लग्न केलेलं नव्हतं. आई होती तोवर तिच्यासाठी घरी जायची घाई असायची. ती गेल्यावर घाई संपली.

चुकांची त्यांची नावंही गिरगावातलीच. सर्व्हर सुरू होत नाही, त्याचा पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, आधीच दुसऱ्या प्रोग्रामने अडवलाय: "जुना भाडेकरू आत बसलाय. आधी त्याला काढ." नल पॉइंटर, म्हणजे जिथे काहीच नाही तिथे काही मागणं: "घरात कोणी नाही, आणि तू बेल वाजवत उभा आहेस." डेटाबेसची कनेक्शनं घेऊन परत न सोडणाऱ्या कार्ट्याला: "शेजारणीच्या वाट्या आणतोस, त्या परत तुझा बाप करणार का?" एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या प्रोजेक्टमध्ये घुसल्या की, "स्वयंपाकघरात दोन सासवा. एकीला गावाला पाठव."

"सर, माझ्या मशीनवर नीट चालतंय."

"मग ते मशीन गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन ठेव. तूही तिथेच राहा."

"सर, मी काहीच बदललं नाही."

"मग बिघडलंही काही नसेल. जा."

पँट्रीत एके दिवशी पाटी लागली: मायक्रोवेव्हमध्ये मासे गरम करू नयेत. तळपद्यांच्या डब्यात दर बुधवारी कोलंबीचं भानोलं, म्हणजे भाजून कापलेल्या वड्या, असायचं, स्वतः केलेलं. त्यांनी पाटी शांतपणे वाचली. "यांना मुंबईत जागा हवी होती. तिचा वास नको होता," म्हणाले, आणि त्या दिवसापासून भानोलं थंडच, खिडकीकडे तोंड करून, उभ्याने खायला लागले. मला एकदा वडी देऊ केली. चव अप्रतिम होती. तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "आईची याहून बरी व्हायची," आणि डबा बंद केला.

असा माणूस आमच्यात नांदत होता आणि कोणाला आवडत नव्हता. तरी सगळं चाललं असतं. पण परळच्या एका धर्मादाय इस्पितळाचं काम आमच्याकडे आलं.

काम साधं होतं. केसपेपरच्या खिडकीवर पेशंटचं नाव मराठीत भरायचं आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या पडद्यावर ते उमटलं की पेशंटने आत जायचं. काही दिवस छान चाललं. मग तक्रार आली की मधूनच एखाद्याच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग, आणि बाकावर बसलेल्यांपैकी ती कोणाची, हे कोणालाच कळायचं नाही. माणसं सकाळी येऊन बसायची आणि दुपारी विचारायची, आमचं नाव का येत नाही?

आमचा मॅनेजर निखिल. वयाने तळपद्यांच्या मुलासारखा, ठाण्याहून गाडीने येणारा. तो म्हणाला, "रेअर केस आहे. त्यांना सांगा, नावं इंग्रजीत टाका."

"का?" तळपद्यांनी विचारलं.

"सर, याची बिझनेस व्हॅल्यू काय आहे?"

"माणूस कळवळत आलाय, निखिलराव. त्याला प्रश्नचिन्ह म्हणून हाक मारायची?"

त्यांनी काम हातात घेतलं आणि इतर सगळं बाजूला सारलं. आमच्या मशीनवर चूक होतच नव्हती, म्हणून ते इस्पितळातच जाऊन बसले. ब्राउझरमधून नाव नीट निघत होतं. डेटाबेस मराठी नीट साठवत होता. मधे कुठेतरी नाव मरत होतं आणि तेही कधी कधीच. शेवटी त्यांनी पकडलं. काम वाटून घेणारे सर्व्हर दोन होते. एकाच्या सेटिंगमध्ये मराठी अक्षरं बसत होती, दुसऱ्याच्या नाही. आणि आमच्या प्रोग्राममध्ये एक ओळ अशी होती, की अक्षरं कुठल्या पद्धतीने लिहायची हे ती स्वतः सांगतच नव्हती, मशीनवर सोडून देत होती. नाव पहिल्या सर्व्हरकडे गेलं तर वाचायचं, दुसऱ्याकडे गेलं तर त्याची प्रश्नचिन्हं व्हायची.

ओळ दुरुस्त करायला त्यांना घोटभर चहाइतका वेळ लागला. मी म्हटलं, संपलं.

"काय संपलं?" तळपदे माझ्यावरच खेकसले. "पुढची नावं वाचली. जी गेली त्यांचं काय? प्रश्नचिन्हातून नाव परत काढता येत नाही, परब. तिथे काही उरलेलंच नसतं."

मग तो माणूस केसपेपरच्या खिडकीत कारकुनाशेजारी स्टूल टाकून बसला. जुना पेशंट आला, त्याचं नाव प्रश्नचिन्हांत निघालं, की त्याला विचारायचं आणि नव्याने भरायचं. आमच्यावर ओरडणारे तळपदे तिथे म्हणे एकेकाला शांतपणे विचारत होते, 'ह्रस्व की दीर्घ?' निखिल ऑफिसात फोनवर बोंबलत होता की सीनियर रिसोर्स क्लार्कचं काम करतोय.

शेवटी इस्पितळाचे दोन अधिकारी आमच्याकडे बैठकीला आले. निखिलने मोठ्या पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली आणि सांगितलं की दोष बहुधा इस्पितळाच्या सर्व्हरमध्ये होता, तरी आम्ही सहकार्य केलं.

तळपद्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मला आठवतंय, कारण ते असं कधी करत नसत. त्यांनी लॅपटॉप जोडून ती ओळ पडद्यावर आणली.

"निखिलराव, उभे राहा. वाचा."

"सर, आत्ता याची गरज..."

"ओळ वाचा. आणि तिच्या बाजूला ती कोणी लिहिली त्याचं नाव आहे. तेही वाचा. मराठीत नाही, त्यामुळे नीट दिसतंय."

नाव निखिलचं होतं. मॅनेजर होण्याआधी तोही आमच्यासारखा कोड लिहायचा, तेव्हाची ओळ. इस्पितळातले एक अधिकारी हसले आणि त्यांनी हसू पाण्याच्या ग्लासात लपवलं. मी म्हटलं, "सरांचं बरोबर आहे. आम्ही तपासून पाहिलंय." निखिल मला म्हणाला, "नोटेड," आणि पुढचं चित्र लावलं.

महिना उलटला नसेल, तळपद्यांना वर बोलावलं. एचआरच्या मुलीने त्यांना सांगितलं की टीमची फेररचना होतेय आणि त्यांच्या भूमिकेला नव्या रचनेत जागा नाही.

"कारण काय?" तळपद्यांनी विचारलं.

"सर, फेररचना."

"ते झालं वरचं. खालचं कारण विचारतोय."

तिला ते कळलं नाही. कळलं असतं तरी तिच्या हातात काही नव्हतं. तळपदे खाली आले, डबा पिशवीत टाकला आणि निघाले. निरोपाचा केक आला, पण तो त्याच दिवशी वाढदिवस असलेल्या दुसऱ्या कोणाचा होता. कोणीतरी त्यांना म्हणालं, "सर, टच में रहो." तळपद्यांनी त्याच्याकडे नल पॉइंटरकडे बघावं तसं पाहिलं. मी लिफ्टपर्यंत गेले. "पोर्ट अडला की रीस्टार्ट मारत बसू नकोस. आत कोण आहे ते बघ," एवढं बोलून ते गेले.

मी पुढे काही वेळा फोन केला. "तुमचं सगळं नीट चाललंय ना?" असं विचारायचे. मी 'हो' म्हटलं की फोन ठेवायचे. मग मी मुद्दाम एखादी अडचण तयार ठेवून फोन करायला लागले. पण त्यांना ते लगेच कळलं. "ही तुला येते," म्हणाले आणि त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही.

निखिलने इस्पितळाचा प्रश्न मात्र कायमचा सोडवला. पडद्यावर नाव दाखवायचंच नाही. टोकन नंबर दाखवायचा. आकडे कुठल्याही सर्व्हरवर नीट उमटतात. या सुधारणेबद्दल त्याला कंपनीचं बक्षीस मिळालं. तळपद्यांनी स्टुलावर बसून परत मिळवलेली नावं डेटाबेसमध्ये तशीच पडून राहिली, काना-मात्रेसकट, कोणाला न दिसता.

यंदा आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मी तिला घेऊन त्याच इस्पितळात गेले. डोळ्यांच्या विभागाबाहेर मोठं दालन, बाकांवर दाटीने बसलेली म्हातारी माणसं आणि समोर भिंतीवर लाल आकडे. दिसत नाही म्हणून जी आलेली, त्यांनीच ते आकडे वाचायचे होते. आईला बसवून मी खिडकीवर चौकशीला गेले. परत येतेय तोवर कोणीतरी खणखणीत आवाजात हाक मारली.

"पार्वती परब! पार्वतीबाई परब, चला, तुमचा नंबर लागला."

आई उठली होती आणि तिच्या कोपराला धरून तळपदे तिला दारापर्यंत सोडत होते. ती माझी आई, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला पाहून ते जरा ओशाळले. मग लगेच चिडले.

"परब? ही तुझी आई? एकटीला बसवून जातेस?"

आई मागे वळून मला म्हणाली, "गो, ह्येंनी सगळ्यांची नावां नि नंबर पाठ केलेहत बघ. माका किती वर्सांनी कोणी नावान हाक मारली," आणि नर्सबरोबर आत गेली.

"सर, तुम्ही इथे? डोळ्यांना काही झालंय?"

"मला काय धाड भरलीय?" त्यांच्या हातात केसपेपर होता. माझी नजर त्यावर गेलेली बघून म्हणाले, "वॉचमन बाहेर काढतो. पेशंट नसेल त्याने बसायचं नाही म्हणे. नियम बरोबर आहे. म्हणून कागद काढतो."

"रोज?"

"रविवारी बंद असतं," ते म्हणाले, आणि रविवारबद्दल इतक्या नाराजीने बोललेलं मी कोणाला ऐकलेलं नाही.

मी म्हटलं, चला, आईचं होईपर्यंत खाली चहा घेऊ. नको म्हणाले, आत्ता गर्दी आहे. मग बरेच दिवस कोणाशी न बोललेल्या माणसासारखं एका दमात म्हणाले, "घरी मी मोठ्याने वाचतो, परब. पेपर, पाट्या, काहीही. कोणी ऐकत नाही. इथे हाक मारली की कोणीतरी उठून उभं राहतं."

भिंतीवर आकडा बदलला. त्यांच्या हातातल्या कागदावर तोच होता.

"सर, तुमचा नंबर."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. आकडा थोडा वेळ लाल दिसत राहिला. आतून नर्सने बेल वाजवली, दारात कोणी आलं नाही आणि आकडा पुढे सरकला. तळपदे तोवर शेवटच्या बाकापाशी पोचले होते. तिथे काठीवर हनुवटी टेकून एक आजी बसल्या होत्या.

"आजी, नाव काय तुमचं?"

त्यांना ऐकू आलं नाही. तळपदे गुडघ्यावर हात ठेवून वाकले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा.